आई हिरवी, पोरं लाल

"हे तुझ्याकडचं आहे," कुंपणाच्या जाळीवरून हात पुढे करत काकू म्हणाल्या. हातात एक टोमॅटो. लालबुंद, सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान.

"माझे एवढेसे कुठे असतात, काकू? माझा एकेक पाव किलोला टेकतो."

"फळ तुझं म्हणतच नाहीये मी. बाप तुझ्याकडचा आहे, म्हणतेय."

सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता माझा. जाळीच्या त्या बाजूला काकू, ह्या बाजूला मी, आणि माझ्या मागे, जाळीला खेटूनच, फळांच्या भारानं वाकलेले माझे रटगर्स टोमॅटो. आरोपी ते.

प्रकरण गेल्या उन्हाळ्यातलं. काकूंनी हिरव्या चेरी टोमॅटोचं पाकीट आणलं होतं. हिरवे म्हणजे कच्चे नव्हेत, पिकल्यावरही हिरवेच राहणारे. आता काकूंचं माहेर नारायणगावच्या पलीकडचं. तिकडे टोमॅटो म्हणजे २० किलोचा क्रेट आणि दिवसभर भावाची चर्चा. भाऊ अजून लावतो. २०२३च्या जुलैत क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये बसून काकूंनी गल्लीभर पेढे वाटले होते. अशा घरातल्या बाईनं पिकूनही न पिकल्यासारखा दिसणारा टोमॅटो लावावा, हे काकांना काही पटेना. ते रोज संध्याकाळी वाकून बघायचे आणि "अजून कच्चेच आहेत" असं जाहीर करून आत जायचे. फळं आपोआप गळून मातीत पडायला लागली, तरी काका लाल व्हायची वाट बघताहेत.

"मी एक तोंडात टाकून बघितला," काकू म्हणाल्या, "आणि मग ह्यांना सांगितलंच नाही. गोड, आणि मागून जरा आंबटसर. सबंध ऑगस्ट एकटी खात होते."

"आणि काका?"

"ते बिचारे खारींना दोष देत होते."

पिकलाय हे ओळखायचं कसं, हा प्रश्न मला काकूंनी गेल्या वर्षीच सोडवून दिला होता. डोळे बाजूला ठेवायचे आणि बोटांना विचारायचं. कच्चा कडक लागतो, पिकला की जरासा दबतो. देठाशी नुसता धरला तरी अलगद सुटून हातात येतो, ओढावा लागत नाही. आणि खालची बाजू नीट बघितली तर हिरव्यावर किंचित पिवळसर, मधाळ झाक आलेली असते.

"पण ती झाक सगळ्यांवर येत नाही हं," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. पलीकडच्या घरात ऐकू जाईल म्हणून असेल. ऐकून त्यांना काय कळणार होतं, देव जाणे. ते इटालियन आजोबा, आणि आमचं सगळं मराठीत. "तेच तर सांगायला आलेय. यंदा माझ्याकडे नुसता गोंधळ झालाय. आधी हे सांग, तू राहुरीची ना?"

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मी बाहेर पडले त्याला जमाना झाला. इथे मी दिवसभर विम्याचे दावे तपासते. पण काकूंच्या लेखी मी अजून शेतकी खात्यातली.

तर झालं असं, की गेल्या वर्षी काकूंनी सगळ्यांत गोड फळांचं बी धरलं. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध. गर काचेच्या बाटलीत पिळून दोन-तीन दिवस तसाच आंबू दिला, म्हणजे बियांभोवतीची बुळबुळीत पिशवी सुटते. ती असेपर्यंत बी रुजायला कां-कू करतं. सूनबाईंनी वासापायी ती बाटली गॅरेजमध्ये हाकलली, तो वेगळा अध्याय. मग धुऊन, चिनी मातीच्या बशीत वाळवून, पाकिटात घालून, वर तारीख टाकून ठेवलं. मार्चमध्ये तळघरात दिव्याखाली रोपं केली. मे महिन्याच्या मध्यात थंडीची धास्ती गेल्यावर बाहेर लावली. आणि आता जुलै संपता संपता फळं बघतात तर काय!

"पाइपाजवळचं पहिलं रोप, ते अगदी आईवर गेलंय. गोल, मधाळ झाक, गोड. त्याच्या शेजारचं लांबट, द्राक्षासारखं. गोड आहे, पण साल जाड. मग एक आहे त्याला झाक म्हणून येतच नाही. हिरवं ते हिरवंच, आणि उन्हात धरलं तर आतलं बी दिसेल इतकं आरपार. ते कधी पिकतं हे मलासुद्धा कळत नाही. एक इतकं आंबट की चिंच परवडली. आणि कोपऱ्यातली ही दोन..." काकूंनी माझ्या हातातल्या लाल टोमॅटोकडे हनुवटी केली. "एकाच बशीतलं बी, एकाच आईची पोरं. आणि तोंडं बघ एकेकाची!"

"पाकिटावर एफ-वन लिहिलं होतं का, काकू?"

"हो, लिहिलं होतं ना. मला वाटलं, पहिल्या नंबरचं बी."

अर्धा गोंधळ इथेच सुटला. एफ-वन म्हणजे संकरित, पहिली पिढी. दोन वेगवेगळ्या जातींचं लग्न लावून झालेली. ही पहिली पिढी सगळी एकसारखी निघते. ओळीत उभी केलीत तर ओळखू येणार नाही कोण कोण ते. पण तिचं बी धरलंत की नातवंडांत आजी-आजोबांची भांडणं बाहेर पडतात. आईच्या एका बाजूला साल पिवळी असणार आणि दुसऱ्या बाजूला बिनरंगी, एकीकडे गोल फळ आणि दुसरीकडे लांबट. आई ह्या दोन्ही गोष्टी पोटात ठेवून होती. चेहऱ्यावर एकच दाखवत होती.

"म्हणजे सालीला वेगळा रंग असतो?"

असतो तर. टोमॅटोची साल सोलून उजेडात धरा. बहुतेकांची पिवळसर दिसते, काहींची अगदी पारदर्शक प्लास्टिकसारखी निघते. लाल गरावर पिवळी साल आली की आपल्याला तो लाल दिसतो. त्याच गरावर बिनरंगी साल आली की गुलाबी. आणि हिरव्या गरावर पिवळी साल म्हणजे काकूंची मधाळ झाक. बिनरंगी साल म्हणजे ते आरपार दिसणारं, कधी पिकतं ते कळू न देणारं रोप. पिवळी साल वरचढ, त्यामुळे नातवंडांत साधारण चारांतलं एक बिनरंगी सालीचं निघतं.

"बरं, ते राहू दे," काकू म्हणाल्या. साल हा त्यांच्या दृष्टीनं किरकोळ मामला होता. "सगळे हिरवे तर हिरवे, ते समजलं. ह्या लाल पोरांचं काय? माझ्या अंगणात लाल टोमॅटो नाही. लावलाच नाही मी."

इथे मला जरा आवरून बोलावं लागलं. कारण लाल टोमॅटो माझ्याकडे होता. तोही साधा नव्हे. ह्या मुलखात रटगर्स म्हणजे मानाचं घराणं. इथून नदी ओलांडली की न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठ आहे. तिथल्या लायमन शर्मरहॉर्न नावाच्या प्राध्यापकांनी सूपवाल्या कॅम्पबेल कंपनीच्या साथीनं ही जात तयार केली आणि १९३४ साली बाहेर आणली. एके काळी अमेरिकेतल्या डबाबंद टोमॅटोत आणि सुपात बहुतेक हाच असायचा. असल्या घरंदाज टोमॅटोवर कुंपणापलीकडचा आळ!

"टोमॅटोचं फूल असं सहज बाहेर जात नाही, काकू. त्याचं सगळं घरातल्या घरात असतं. परागांची पिवळी नळी असते ना, तिच्या आतच स्त्रीकेसर. बहुतेक वेळा स्वतःचेच पराग स्वतःला."

"बहुतेक वेळा," काकू म्हणाल्या. वकिलीण व्हायला हव्या होत्या.

बहुतेक वेळाच. काही जातींत, त्यातही बारक्या फळांच्या आणि बटाट्यासारख्या पानांच्या काहींत, ते केसराचं टोक नळीच्या बाहेर डोकावतं. आणि मग येतात भुंगे. मधमाशीला टोमॅटोच्या फुलात गोडी नाही, तिथे मध नसतोच. पण इथला केसाळ भुंगा फुलाला लोंबकळतो, नळी तोंडात धरतो आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू असे थरथरवतो की नळीच्या टोकातून परागांची पूड भसकन अंगावर पडते. जवळ उभं राहिलं तर तो गुंईं आवाज ऐकू येतो. तेच अंग घेऊन तो पुढच्या फुलावर. कुंपण कुणाचं हे तो विचारत नाही.

"मी बघितलाय तो!" काकूंचा पुरावा तयारच होता. "तुझ्याकडून उठतो आणि थेट माझ्याकडे."

"पण इटालियन आजोबांचे सॉसचे लांब टोमॅटो पण आहेतच ना? तिकडून का नसेल आला?"

"त्यांचे लांबट. हे पोर गोल आहे."

ह्यावरून आजोबा सुटत नाहीत, हे मी काकूंना सांगितलं. लांबटपणा बहुधा दबून राहतो, एका पिढीत दिसत नाही. गोल आईच्या पोटी लांबट बापाचं पोर गोलच निघायचं. आकारमानावरूनही काही ठरत नाही. चेरी आणि मोठा टोमॅटो यांचं पोर मधोमध नसतं, चेरीच्या बाजूला झुकलेलं असतं. लिंबापेक्षा लहान फळ त्यामुळेच.

मग सुटतं कोण? सुटतात समोरच्या घरातल्या वहिनी. त्यांच्याकडे 'चेरोकी पर्पल' आहे, तो काळपट, जांभळट टोमॅटो, मंडळाच्या पिकनिकला त्या मिरवतात तो. काकूंचा खरा संशय तिथेच होता, हे मला बोलता बोलता कळलं. माझं नाव आधी घेतलं ते मी जवळ होते म्हणून.

"तिच्याकडून असणार नाही कशावरून?"

आता हे सांगायला जरा आत शिरावं लागतं. टोमॅटो पिकताना दोन कामं होतात. एक, हिरवा रंग मोडून निघून जातो. दोन, लाल रंग तयार होतो. ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि दोन वेगवेगळ्या जनुकांच्या हाती आहेत. लाल करणारा बिघडला तर टोमॅटो पिवळा राहतो. हिरवं पुसणारा बिघडला तर लाल येतोच, पण खालचं हिरवं जात नाही, आणि लाल अधिक हिरवा म्हणजे तो काळपट तपकिरी रंग. चेरोकी पर्पल हाच. आणि दोन्ही बिघडले, ना हिरवं पुसलं जात ना लाल येत, तर पिकूनही हिरवा. काकूंचा.

"म्हणजे माझा डबल बिघडलेला?"

"डबल. म्हणून तर दुर्मीळ. पेरू देशाकडच्या रानटी भाऊबंदांत पिकून हिरवी राहणारी फळं आहेत, पण आपला अंगणातला हिरवा त्यांच्यातला नाही. तो असा दोन बिघाडांतून झालेला."

आणि हे बिघाड दबून राहणारे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. आता वहिनींच्या काळ्याकडे हिरवं पुसण्याचं बिघडलेलं आहेच. तो बाप असता तर त्या कामात दोन्हीकडून बिघाड, आणि लाल रंग मात्र बापाकडून मिळाला असता. पोर काळपट निघालं असतं. पिवळा बाप असता तर पोर पिवळं. पोर स्वच्छ लाल आहे, त्या अर्थी बापाची दोन्ही कामं धड होती. बाप लालच. मी किंवा इटालियन आजोबा.

"म्हणजे तू," काकू म्हणाल्या. जाळीला खेटून कोण उभं आहे ते त्यांना दिसत होतं.

मी आरोप मान्य केला नाही. पण समोरच्या वहिनी निर्दोष सुटल्या, त्याचं काकूंना वाईट वाटलेलं मला स्पष्ट दिसलं.

मग मी त्यांना जरा मोठ्या घराण्यांतली लफडी सांगितली. म्हटलं, हिरव्या चेरीची बरीच थोर नावं असल्याच भानगडींतून आलीत. 'ग्रीन ग्रेप' घ्या. टॉम वॅगनर नावाच्या अमेरिकन पैदासकारानं १९८०च्या दशकात ती आणली, 'यलो पेअर' हा पिवळा नाशपातीच्या आकाराचा बारका आणि 'एव्हरग्रीन' हा मोठा हिरवा यांच्या लग्नातून. ह्या माणसाचाच तो हिरवा पट्ट्यापट्ट्यांचा 'ग्रीन झेब्रा', १९८३चा. ग्रीन ग्रेपच्या लग्नात लाल रंग दोन्ही घरी आधीच गेलेला, म्हणून हिशेब सोपा: पहिली पिढी पिवळी, आणि नातवंडांत चारांतलं एक हिरवं. वॅगनरनं लग्न मुद्दाम लावलं. सगळे इतके शहाणे नसतात.

'गॅलिना' नावाची पिवळी चेरी आहे, तिचं बी सायबेरियातून आलं. तिच्या पोटी फिकट, हस्तिदंती रंगाची एक पोरगी निघाली; तिचं नाव ठेवलं 'डॉक्टर कॅरोलिन', टोमॅटोंवर पुस्तक लिहिणाऱ्या कॅरोलिन मेल ह्यांच्या नावावरून. आणि पुढे त्या डॉक्टर कॅरोलिनच्या रोपांत अवचित एक हिरवं निघालं. ते झालं 'ग्रीन डॉक्टर्स', कॅरोलिन मेल आणि एमी गोल्डमन ह्या दोघींच्या नावानं. गोल्डमनबाईंचंही टोमॅटोवर पुस्तक आहे.

"दोघी डॉक्टर?"

"एक सूक्ष्मजीवशास्त्राची, दुसरी मानसशास्त्राची. सर्दीला गोळी दोघींकडेही नाही."

"आणि त्या हिरवीचं पुढे काय झालं?"

"तिचीही एक लेक आहे, बिनरंगी सालीची. 'ग्रीन डॉक्टर्स फ्रॉस्टेड' म्हणतात. तुमच्या त्या आरपारवाल्या रोपाची बहीण शोभेल."

काकूंना ही वंशावळ फार आवडली. सायबेरियातून निघून हस्तिदंती झालेली आणि हस्तिदंतीच्या पोटी हिरवी! त्यांनी तीनदा सांगायला लावली. सत्यनारायणाच्या पूजेनंतर बायका बसतात तेव्हा ती पुन्हा सांगितली जाणार, आणि तोवर सायबेरियाची सून अजून एखादा देश फिरून आलेली असणार, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"मग ही लाल पोरं उपटून टाकू?"

"अजिबात नको! काकू, ती लाल दिसताहेत, पण पोटात हिरवं घेऊन आहेत."

हे ऐकून काकू जाळीच्या आणखी जवळ आल्या. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, एकमेकांची वाट अडवत नाहीत. त्यामुळे ह्या लाल फळांचं बी धरलं तर पुढच्या पिढीत, सोळांच्या हिशेबानं, नऊ लाल, तीन पिवळी, तीन काळपट आणि एक हिरवं. आईचा तोंडावळा घेऊन एक नातवंड परत येतं. वर ते चेरीएवढंच असेल असं नाही. रटगर्सचा दांडगेपणा आणि हिरवा रंग असं काही निघालं तर ते कुठल्याच पाकिटात मिळणार नाही.

"तर सोळा रोपं लावायची," काकूंनी हिशेब संपवला.

"सोळांत मिळेलच असं नाही. तीनांतल्या एका वेळेला हुकायचंसुद्धा. जवळपास खात्री हवी असेल, शेकडा पंच्याण्णव, तर सत्तेचाळीस लावावी लागतात."

काकूंनी आपल्या अंगणाकडे बघितलं. मग माझ्या अंगणाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी घाईघाईनं विषय बदलला आणि जे हिरवं आवडलंय, पाइपाजवळचं, ते तसंच टिकवायचं तर काय करायचं ते सांगत सुटले. फुलं उमलायच्या आत झुबक्याला जाळीची पिशवी बांधायची, भुंग्याला दार बंद. बारशाला सुका मेवा घालून आल्या होत्या त्या झिरझिरीत पिशव्या काकूंनी फेकल्या असतील हे शक्यच नव्हतं. रोज दुपारी फांदीला टिचकी मारायची, पराग आतल्या आत पडतात. फळ धरलं की देठाला लाल दोरा बांधून पिशवी काढायची. दरवर्षी त्यातलंच आवडीचं एक रोप निवडून त्याचंच बी धरायचं. प्रत्येक पिढीत उरलेली सरमिसळ निम्मी होते. सहा-आठ पिढ्यांत रोपं सरळ वळणाला लागतात.

"सहा-आठ वर्षं?" काकूंनी कपाळावर आठ्या घातल्या. "अगं, मी पंचाहत्तरची आहे."

"आता नाही लावलंत तर त्र्याऐंशीव्या वर्षी काय खाणार?"

त्यावर त्या हसल्या, पण त्यांचं चित्त त्या सत्तेचाळीसवरच होतं. आतून काकांनी हाक मारली, चहा निवतोय म्हणून. काकूंनी "आले हो" म्हणून सांगितलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

"संक्रांतीला," त्या एकदम म्हणाल्या.

"काय संक्रांतीला?"

"वाण. दरवर्षी ते प्लास्टिकचे डबे लुटायचे, कुणी वापरत नाही. यंदा ह्या लाल पोरांचं बी लुटते. एकेक पुडी, पुडीत चार दाणे. जानेवारीत हळदीकुंकू, मार्चमध्ये पेरायची वेळ. बाराएक जणी धरल्या तर सत्तेचाळीस झालीच. आपली जागा जायला नको, पाणी जायला नको. ज्याच्या घरी हिरवं निघेल त्यानं मला बी परत आणून द्यायचं."

डोकं बघा बाईंचं. मी मनातल्या मनात गणित केलं, चुकत नव्हतं. काही जणींची रोपं उन्हाअभावी मरणार, काहींची हरणं खाणार, एखादी चार दाणे फोडणीत टाकणार. तेवढं धरून पंधरा पुड्या कराव्यात, असं मी सुचवलं. आणि पिवळी, काळी, लाल जी निघतील ती पण सगळ्यांनी फोटो काढून पाठवायची, म्हणजे नऊ-तीन-तीन-एक खरंच पडतंय का ते बघता येईल.

"ते तुझं तू बघ. मला हिरवं हवंय." मग काकूंचा चेहरा पडला. "पण हिरवं नेमकं समोरच्या वहिनीकडे निघालं तर? ती काही बी परत देणार नाही. स्वतःचं म्हणून पिकनिकला आणेल आणि नाव वेगळं सांगेल."

"तिला पुडीच देऊ नका."

"हळदीकुंकवाला बोलावून वाण न देता पाठवू? जन्मभर बोलत बसेल."

आम्ही दोघी त्यावर विचार करत उभ्या राहिलो. मला सुचलं नाही. काकूंना सुचलं.

"तिला पाइपाजवळच्याचं देते. हिरव्याचं हिरवं. फार तर साल बदलेल, आकार बदलेल. म्हणजे वाणही दिल्यासारखं, आणि आपल्याला शोधायचं ते तिच्याकडे निघूच नये. बरोबर ना? तू राहुरीची, तू सांग."

बरोबर होतं. हिरव्याच्या पोटी, भुंगा आला नसेल तर, हिरवंच. मी तसं सांगितलं, आणि पिशवी बांधून धरलेलं बीच द्या, नाहीतर समोरूनच काहीतरी काळं उगवेल, हेही सांगितलं. काकूंनी हातातला लाल टोमॅटो माझ्याकडून परत घेतला. चवीला दिलाय असं मला वाटलं होतं, पण त्यात बी होतं.